लशीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं

कन्नौदला एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, म्हणून लागले तेव्हा टोचायला आलेल्या बाळाची आई मला एकच गोष्ट विचारायची, "बहनजी, बुखार आएगा?" पल्स पोलिओच्या वर्षांत प्रश्न बदलला. अर्धवट उघडलेल्या दारामागून यायचा, "ये बार-बार क्यों पिलाते हो, इसमें मिलाया क्या है?" गोवर-रुबेलाच्या मोहिमेत बापमंडळी शाळेच्या फाटकाशी मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे करून उभी राहायची. मी आता निवृत्त आहे. तरीही तरुण आईबाप घरी येतात, ते लशीच्या बाटलीचा फोटोच घेऊन. दोन बोटांनी अक्षरं मोठी करतात आणि विचारतात, "थायोमर्सल म्हणजे पाराच ना? आणि अॅल्युमिनियम कशाला घातलंय?"

मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो वाचून विचारलेला असतो. त्याला "काही होत नाही हो, सगळे देतात" हे उत्तर चालत नाही. ते उत्तर ऐकून माणूस गप्प बसतो, पण पुढच्या तारखेला बाळाला घेऊन येत नाही. नोकरीभर मी हे पाहिलं आहे.

कन्नौद म्हणजे देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, इंदूर-बैतूल रस्त्यावर, इंदूरपासून शंभरेक किलोमीटर. आजूबाजूला सोयाबीन आणि गव्हाची शेतं, डोंगराच्या बाजूला कोरकू, बारेला लोकांच्या वस्त्या. देवास-इंदूरकडे पवार-होळकरांच्या राज्यापासून रुजलेली मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक आमचं. घरात मराठी, दारात हिंदी, शेतावर मालवी. आमच्या गल्लीतच आणखी एक मराठी कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो मला मावशी म्हणतो. त्याच्या मुलीला दीड महिन्याची असताना पहिली पेंटाव्हॅलंट लस दिली. रात्री ताप आला, मांडी सुजली, पोर पहाटेपर्यंत रडत होती. अडीच महिन्यांच्या तारखेआधी तो माझ्याकडे आला. बायकोचं म्हणणं, इंदूरला नेऊन 'पेनलेस' द्यावी. आईचं म्हणणं, तुलाही हेच टोचलं होतं, काय झालं? त्याचं स्वतःचं म्हणणं एवढंच होतं की आत काय आहे ते कळल्याशिवाय तो पुढची लस देणार नाही.

मी म्हटलं, बस, एकेक ओळ वाचू.

एकेक ओळ

पेंटाव्हॅलंट, म्हणजे एका टोच्यात पाच रोगांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर. सरकारी वेळापत्रकात ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात. आपल्याकडच्या पुष्कळशा बाटल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून येतात. एका बाटलीत दहा मुलांच्या मात्रा आणि एकेक मात्रा अर्धा मिलिलिटरची.

पहिले शब्द 'डिप्थेरिया टॉक्सॉइड', 'टिटॅनस टॉक्सॉइड'. हे त्या-त्या जिवाणूचं विष, पण फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून निकामी केलेलं. शरीर त्याला ओळखायला शिकतं, त्यानं आजारी पडत नाही. त्या प्रक्रियेतलं फॉर्मल्डिहाइड अगदी थोडं मागे उरू शकतं. प्रयोगशाळेत बेडूक ज्यात ठेवतात ते फॉर्मलिन याचंच, म्हणून नाव ऐकताच माणूस दचकतो. पण फॉर्मल्डिहाइड आपलं शरीर स्वतःही तयार करतं. पेशींच्या रोजच्या कामकाजात ते बनतं आणि मोडतं. दोन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात ते कोणत्याही क्षणी लशीतल्या अंशाच्या कित्येक पट असतं.

पुढचं नाव अॅल्युमिनियम फॉस्फेट. एका मात्रेत अॅल्युमिनियम जास्तीत जास्त सव्वा मिलिग्रॅम. ते लशीला चिकटून राहतं, लस टोचलेल्या जागी थोडा वेळ धरून ठेवतं आणि तिथल्या संरक्षक पेशींना जागं करतं. ते नसेल तर तेवढीच प्रतिकारशक्ती यायला जास्त मात्रा लागतील. ही युक्ती १९२६ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांना सापडली आणि त्यांनी वापरली होती तुरटी. गढूळ पाणी निवळायला आपण जी फिरवतो तीच, कारण तुरटी हा अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. मांडीवरची गाठ आणि लाली काही अंशी यामुळेही येते.

"पण आईच्या दुधातही अॅल्युमिनियम असतं, असं लिहिलंय कुठंतरी," तो म्हणाला. असतं. पण हे उत्तर अर्धवट आहे, आणि मी ते कुणाला देत नाही. पोटात गेलेल्या अॅल्युमिनियमपैकी शंभरातला एक भागही रक्तात जात नाही. टोचलेलं मात्र हळूहळू सगळंच जातं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. त्यामुळे खाल्लेल्या आणि टोचलेल्या मिलिग्रॅमांची तुलना करून समाधान मानू नये. खरं उत्तर मुलांकडे बघूनच मिळतं. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद राहते. तिथं १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेल्या बारा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशींतून किती अॅल्युमिनियम मिळालं आणि पुढे दमा, अॅलर्जी, स्वयंप्रतिकार आजार, स्वमग्नता अशा ५० विकारांपैकी काय झालं, हे पडताळलं. जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आला: अॅल्युमिनियम वाढलं म्हणून यांपैकी कोणत्याही आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

पाऱ्याची गोष्ट

आता थायोमर्सल. प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे एका मात्रेत २५ मायक्रोग्रॅम. त्यातला जवळपास निम्मा भाग पारा. होय, पारा. हे नाकारून बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

पण कोणता पारा? माशांतून येणारा आणि जपानच्या मिनामाता शहरात माणसं लुळी करणारा तो मिथाइल मर्क्युरी. थायोमर्सलमधून निघतो तो इथाइल मर्क्युरी. विषारी दारूनं माणूस आंधळा होतो तो मिथेनॉलनं, नेहमीच्या दारूत असतं ते इथेनॉल. नावात एका अक्षराचा फरक आणि परिणामात जमीन-अस्मानाचा. अर्जेंटिनातल्या तान्ह्या मुलांच्या रक्ताच्या तपासण्या २००८ साली प्रसिद्ध झाल्या. इथाइल मर्क्युरीचं रक्तातलं प्रमाण चार दिवसांच्या आतच निम्म्यावर आलेलं होतं. मिथाइल मर्क्युरीला त्यासाठी दीड महिन्याच्या आसपास लागतो.

मग तो घालायचाच कशाला? याचं उत्तर आपल्या परळमधून सुरू होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तिथं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे मागणी इतकी वाढली की लस लवकर व्हावी म्हणून त्यांनी तयार करण्याच्या पद्धतीतून कार्बोलिक अॅसिड हे जंतुनाशक वगळलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. नंतर उघड झालं की बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली उघडल्यावर तिला दुर्गंधीही नव्हती. धनुर्वाताचे जंतू परळहून आले असते तर ती आली असती. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी जानेवारी १९२८ मध्ये पुन्हा हेच झालं. घटसर्पाच्या लशीची मोठी बाटली, जंतुनाशक नाही, आधी एकदा उघडून उन्हाळ्यात तशीच ठेवलेली. २१ मुलांना टोचली, १२ मेली. बाटलीत स्टॅफिलोकोकस जंतू वाढले होते. एका बाटलीच्या रबरी बुचातून दहा वेळा सुई आत जाणार असेल, तर आत जंतू वाढू न देणारं काहीतरी हवंच, हे या मुलांच्या जिवावर शिकलेलं आहे. थायोमर्सल आलं ते त्यानंतर.

अमेरिकेनं १९९९ साली 'पुरावा नाही, पण खबरदारी म्हणून' बालकांच्या लशींतून थायोमर्सल काढायला सांगितलं. २००१ पर्यंत ते जवळजवळ निघालं. पारा हेच स्वमग्नतेचं कारण असतं तर पुढच्या वर्षांत तिथं प्रमाण उतरायला हवं होतं. ते वाढतच राहिलं. डेन्मार्कनं तर १९९२ सालीच काढलं होतं, तिथंही वाढलं. पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठी २०१३ मध्ये जगातल्या देशांनी मिनामाता करार केला. त्या करारातूनसुद्धा लशींतलं थायोमर्सल मुद्दाम वगळलं आहे.

"इंदूरला बिनपाऱ्याची मिळते ना?" त्यानं विचारलं. मिळते. खासगी दवाखान्यात एका मुलासाठी एकच भरलेली सिरिंज असते, एकदाच सुई, म्हणून जंतुनाशक लागत नाही. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भागही वेगळा असतो. अख्ख्या मारलेल्या जिवाणूऐवजी त्याचे निवडक तुकडे, म्हणून ताप आणि सूज कमी; 'पेनलेस' म्हणतात ती हीच. पण ते संरक्षण लवकर ओसरतं असं दिसलेलं आहे आणि एका टोच्याला काही हजार रुपये पडतात. पुण्याच्या माझ्या भाचेसुनेनं तीच निवडली. तिला मी नको म्हटलं नाही. मात्र बारेला वस्तीवर पायी जाणाऱ्या एएनएमच्या खांद्यावर वॅक्सिन कॅरियर असतो, त्यात एकेका मुलाच्या सुट्या सिरिंजा मावत नाहीत. तिथं दहा मात्रांची बाटली नसेल तर लसच पोचत नाही.

शंका खऱ्या ठरल्या तेव्हा

लशींबद्दलची प्रत्येक शंका खुळचट असते, असं मी म्हणणार नाही. काही शंका खऱ्याच होत्या.

माझ्या वयाच्या लोकांना कुत्रं चावल्यावर पोटात टोचायची चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवून. मेंदूचा तो अंश लशीत राहायचा आणि काही माणसांचं शरीर त्याच्याशी लढताना स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटायचं. माणसं लुळी पडायची, काही दगावायचीसुद्धा. दोष तिथं घटकातच होता. पेशींवर वाढवलेली नवी लस आली आणि २००४ च्या अखेरीस भारतानं जुनी बंद केली.

पोलिओच्या थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. फार क्वचित, लाखो मात्रांत एखाद्या मुलाला त्यानंच लुळेपणा येतो. हे डॉक्टर जाणून होते, लपवलेलं नव्हतं. तीन प्रकारांपैकी टाइप २ चा निसर्गातला विषाणू जगात शेवटचा १९९९ साली अलिगडला सापडला. म्हणजे पुढे त्या प्रकाराचा धोका उरला तो थेंबांतूनच. तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये तो थेंबांतून काढून टाकला आणि आधीच, २०१५ च्या अखेरीपासून, मेलेल्या विषाणूचं इंजेक्शन वेळापत्रकात आणलं. दोन वर्षांनी गाझियाबादच्या एका कंपनीच्या थेंबांत तोच काढून टाकलेला टाइप २ सापडला. पकडला गेला तोही तपासणीतच. पुरवठा थांबवला, गुन्हा दाखल झाला.

याउलट १९९८ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवरून गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. जगभर घबराट पसरली. २०१० साली तो लेख मागे घेतला गेला आणि गैरवर्तनाबद्दल वेकफिल्ड यांची वैद्यकीची सनदही गेली. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध आढळला नाही.

मेंढीचा मेंदू, टाइप २ आणि वेकफिल्डचा दावा, तिन्ही शंका एकाच तराजूत घातल्या गेल्या. पहिल्या दोन जड निघाल्या म्हणून लस बदलली. तिसरी हलकी निघाली. शंका कोणाची, यावर काही ठरलं नाही. मुलं मोजल्यावर ठरलं.

खोटं न बोलता

गोवर-रुबेलाच्या मोहिमेत एका मुस्लिम मोहल्ल्यात मला विचारलं गेलं, "इसमें जिलेटिन है क्या?" आमच्यातली एक मुलगी पटकन नाही म्हणणार होती. मी म्हटलं, असतं. लस टिकावी म्हणून घालतात, जनावराच्या कातडी-हाडांपासून होतं. तिथल्या एका वडीलधाऱ्यानं मौलवींना विचारलं. या विषयावर इस्लामी विद्वानांची बैठक १९९५ सालीच कुवेतमध्ये झाली होती आणि पूर्ण रूप पालटलेल्या जिलेटिनला त्यांनी परवानगी दिलेली होती. आठवड्यानं त्या गल्लीतली बरीच मुलं टोचायला आली. हाच प्रश्न नंतर एका जैन घरातूनही आला आणि उत्तरही मी तेच दिलं. 'नाही' म्हटलं असतं आणि कोणी बाटलीचं माहितीपत्रक काढून वाचलं असतं, तर त्या दारातून पुढची दहा वर्षं कोणी लशीला हो म्हटलं नसतं.

तसंच दुष्परिणामांचं. पेंटाव्हॅलंटनंतर ताप, गाठ, चिडचिड पुष्कळांना होते आणि एक-दोन दिवसांत जाते. क्वचित मूल तासन्‌तास रडतं, काही काळ मलूल होतं. गोवराच्या लशीनंतर आठवड्या-दीड आठवड्यानं काही मुलांना ताप येतो, तीन-चार हजारांत एखाद्याला तापाचा झटका येतो. झटका बघणाऱ्याचा थरकाप होतो, पण मुलावर त्याचा कायमचा परिणाम सहसा राहत नाही. जीवघेणी अॅलर्जी दहा लाख मात्रांत एखाददुसरी. ती बहुतेक वेळा काही मिनिटांतच दिसते, म्हणून अर्धा तास तिथंच बसायला सांगतात. तो अर्धा तास निम्मे लोक बसत नाहीत आणि बाटलीतल्या मायक्रोग्रॅमची चिंता मात्र करतात.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? गोवर झालेल्या हजार मुलांत साधारण एकाच्या मेंदूला सूज येते, न्यूमोनियानं मरणारी त्याहून जास्त. करोनाच्या काळात टोचायचं राहून गेलेल्या मुलांमध्ये २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला आणि मुलं दगावली. हे दुर्गम खेड्यात घडलं नाही, महापालिकेच्या शहरात घडलं. घटसर्प गेला असं लोक समजतात. २०१८ साली देशात साडेआठ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. घशात करडा पडदा धरून श्वास कोंडतो, आणि अँटिटॉक्सिन वेळेत मिळालं नाही तर मूल हातचं जातं. माझ्या शेजाऱ्यानं घटसर्पाचं एकही मूल पाहिलेलं नाही. त्यानं ताप आलेली आपली मुलगी पाहिली आहे. त्यामुळे एका पारड्यातलं त्याला दिसतं, दुसऱ्यातलं दिसत नाही. यात त्याचा दोष नाही, पण वजन करताना हे लक्षात ठेवावं लागतं.

बघायचं काय

कागदावरच्या घटकांपेक्षा मला नोकरीभर धास्ती वाटली ती हाताळणीची. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ मुलांना हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली, कर्मचारी निलंबित झाले. थेंबांच्या घटकांत काही खोट नव्हती. सीरियातल्या इदलिब भागात २०१४ साली गोवराच्या लशीत पाण्याऐवजी भुलीच्या वेळी वापरायचं स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं, १५ मुलं दगावली. लस निर्दोषच होती.

आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वीज जाते. लशी दोन ते आठ अंशांतच राहायला हव्यात. आता शीतपेटीचं तापमान ईविन नावाच्या यंत्रणेतून मोबाईलवर कळतं. मध्य प्रदेश त्या यंत्रणेतल्या पहिल्या राज्यांपैकी एक. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं, पण अॅल्युमिनियम असलेली लस गोठली की अॅल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस फुकट जाते. ती पुन्हा वितळली तरी हलवल्यावर तळाशी पटकन गाळ बसतो. म्हणून फ्रीझरमधले आइस पॅक लगेच कॅरियरमध्ये भरायचे नसतात. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरायचे. बर्फ पुरेसा वितळलाय, हे त्या आवाजावरून ओळखायचं.

आईबापांना हे सगळं तपासता येत नाही. पण चार गोष्टी बघता येतात, आणि बघाव्यात. मी शेजाऱ्याला त्याच सांगितल्या.

पहिली, बाटलीवरची गोल खूण. वर्तुळाच्या आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असला पाहिजे. दोन्हींचा रंग सारखा झाला की त्या बाटलीला नको तितकी उष्णता लागली, ती वापरायची नाही.

दुसरी, तारीख आणि वेळ. पेंटाव्हॅलंटची बाटली नीट ठेवली तर उघडल्यापासून २८ दिवस चालते, कारण तिच्यात थायोमर्सल आहे. गोवर-रुबेला आणि बीसीजीत ते नाही, जिवंत जंतू त्यानं मरतील. म्हणून पाणी मिसळल्यापासून चार तासांत ती बाटली संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. मिसळल्याची वेळ बाटलीवर लिहिलेली असते. दुपारी गेलात तर ती वाचा.

तिसरी, सिरिंज. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. सरकारी सिरिंज एकदा दाबली की पुन्हा ओढता येत नाही आणि सुई लगेच कापून टाकतात.

चौथी, चार वाक्यं. एएनएमनं तुम्हाला सांगायलाच हवं की ही कोणती लस, काय त्रास होऊ शकतो व झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. न सांगितल्यास विचारा. गडबड आहे म्हणाली तरी विचारा.

लस कधी थांबवायची, तेही सांगते. आधीच्या मात्रेनंतर जीवघेणी अॅलर्जी झाली असेल, मूल खरंच आजारी असेल, किंवा त्याला प्रतिकारशक्तीचा जन्मजात विकार असेल, तर आधी डॉक्टर. सर्दी, थोडे जुलाब, बारीकसा ताप ही कारणं नाहीत. मागच्या वेळी मांडी सुजली हेही कारण नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, गाठ चोळू नका, अंगावर पाजत राहा. आणि काही गंभीर झालं तर गप्प बसू नका. आशा, एएनएम किंवा दवाखान्यात लगेच कळवा. गंभीर घटना चोवीस तासांत जिल्ह्याला कळवून तिची चौकशी करणं त्यांना बंधनकारक आहे. औषधांच्या दुष्परिणामांची तक्रार १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही करता येते. सेंपल लशीतला दोष कळला तोही अशा नोंदींतूनच.

शेजाऱ्यानं मुलीला ठरल्या तारखेला कन्नौदच्याच केंद्रावर नेलं. बाटलीवरचा चौकोन बघितला, सिरिंजचं पाकीट समोर फोडायला लावलं, अर्धा तास बसला. तिथली नवी मुलगी आधी वैतागली, मग तिनंच त्याला कोणत्या बाटलीवर काय लिहितात ते दाखवलं. पोरीला या वेळीही ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला.

इंदूरची महागडी सिरिंज आणि कन्नौदची दहा मात्रांची बाटली, दोन्हींनी बाळ घटसर्पापासून वाचतं. ऐपत आणि इच्छा असेल तर पहिली घ्या, नसेल तर दुसरी निःशंक घ्या. तिसरा पर्याय म्हणजे 'अजून थोडं वाचून बघू' म्हणत तारखा पुढे ढकलणं. तो सर्वांत सावध वाटतो आणि बाळाला धोका त्यातच आहे, कारण डांग्या खोकला सगळ्यांत जास्त मारतो तो पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हा बाटली वाचा, प्रश्न विचारा, उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. पण हे सगळं कार्डावरच्या तारखेच्या आत करा.